खोट्या कोर्टाची खरी गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'अभिरूप न्यायालय' म्हटले की मराठी माणसाला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवते. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा राहतो आणि बघता बघता बेणारेबाईंची शिकार होते. आज मला सांगायची आहे ती याच्या उलट गोष्ट. एका खेळातल्या कोर्टाची, जे खऱ्या कोर्टाच्या आधी जन्माला आले.

ही गोष्ट आफ्रिकेतली. माणसाच्या हक्कांची आफ्रिकी सनद १९८१ मध्ये मंजूर झाली आणि १९८६ मध्ये अमलात आली. त्याच १९८६ साली, दक्षिण आफ्रिकेत आणीबाणी असताना, प्रिटोरिया विद्यापीठात मानवी हक्क केंद्र सुरू झाले. प्रिटोरिया म्हणजे वर्णभेदी राजवटीची राजधानी. याच शहरात १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी तरुण बॅरिस्टर गांधी आले होते.

या केंद्राने १९९२ पासून आफ्रिकेतील कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी अभिरूप न्यायालयाची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला मताचा हक्कही मिळाला नव्हता. सनद होती, पण तिच्या आधारे दाद मागायला न्यायालय नव्हते. म्हणून मुलांनी ते कल्पनेत उभे केले.

स्पर्धेचे नियम सोपे आहेत. दोघांचा संघ, एक काल्पनिक खटला. लेखी युक्तिवाद आधी द्यायचा, मग न्यायाधीशांसमोर उभे राहायचे. खरी कसोटी पुढे आहे. प्रत्येक संघाने एकदा पीडिताची बाजू मांडायची आणि एकदा सरकारची. आपल्या शास्त्रकारांनीही आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा दंडक घातला होता. फिक्हच्या ग्रंथांतही इमामांचे मतभेद शेजारी शेजारी नोंदलेले आढळतात. समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता आले, तरच त्याचे उत्तर देता येते.

ही स्पर्धा इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत चालत आली. वसाहतवाल्यांनी ज्या भाषांनी खंड तोडला, त्याच भाषांतली मुले दुभाष्यांच्या मदतीने एका दालनात वाद घालू लागली. २००६ मध्ये युनेस्कोने मानवी हक्क शिक्षणाचे पारितोषिक या केंद्राला दिले. २००९ मध्ये प्रिटोरियातच जागतिक स्पर्धा सुरू झाली. पुढे तिला नेल्सन मंडेलांचे नाव मिळाले आणि तिच्या अंतिम फेऱ्या जिनिव्हात होऊ लागल्या.

आणि खरे न्यायालय? त्याचा करार १९९८ मध्ये झाला, तो २००४ मध्ये अमलात आला आणि टांझानियातील अरुशा येथे न्यायालय बसले. माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला त्याचा एक निकाल विसरता येत नाही. बुर्किना फासोमधील संपादक लोए इसा कोनाते यांना बदनामीच्या गुन्ह्याखाली बारा महिन्यांची कैद झाली होती. ५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की, अशी कैद हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे.

वाट मात्र सोपी नाही. सरकारने संमती दिली असेल, तरच सामान्य माणसाला तिथे थेट जाता येते. रवांडाने २०१६ मध्ये ती संमती काढून घेतली. ज्या देशात न्यायालय आहे त्या टांझानियाने २०१९ मध्ये आणि बेनिन व आयव्हरी कोस्ट यांनी २०२० मध्ये तेच केले. दार बांधून झाल्यावर कडी लावण्याचा हा प्रकार. अशा वेळी सरकारचा युक्तिवाद आतून ओळखणारे वकील लागतात. ते या स्पर्धेत घडतात.

आपल्याकडेही विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालये भरतात, पण बहुधा इंग्रजीत. आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा तर मराठी आहे. कमी शिकलेल्या अशिलाला स्वतःच्या खटल्यात काय चालले आहे ते कळायला हवे, हाही एक मानवी हक्कच आहे. त्याची तालीम मराठीतून सुरू व्हावी, एवढेच मला सुचवावेसे वाटते.