मेमरी कार्डाच्या प्रारंभिक क्लॉक-वेगाचा इतिहास : एक आढावा

प्रस्तावना :
नागपूरच्या सीताबर्डी बाजारपेठेत सहज मिळणारे नखाएवढे मेमरी कार्ड मोबाईलमध्ये बसविताच चालू होते. मात्र तत्पूर्वी कार्ड व उपकरण यांची परस्पर ओळख व्हावी लागते. ड्रायव्हर ही आज्ञावली त्यासाठी क्लॉकचा वेग ४०० किलोहर्ट्झच्या आत ठेवते. या मर्यादेचे मूळ कार्डाच्या क्षमतेत नसून त्याच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सॅनडिस्क व सीमेन्स यांनी १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड आणले. त्याच्या मूळ रचनेत अनेक कार्डे एकाच आज्ञावाहिनीस जोडता येत. ओळख विचारताच सर्व कार्डे आपापला क्रमांक एकेक बिट करून एकाच वेळी पाठवीत. स्वतः १ पाठवूनही वाहिनीवर ० आढळल्यास कार्ड माघार घेई. अखेरीस उरलेल्या कार्डास स्वतंत्र पत्ता मिळे. वाहिनी ० वर कार्ड खेची, परंतु १ वर ती केवळ रोधकामार्फत सावकाश परते. म्हणून ओळखीपुरता वेग मंद ठेवणे आवश्यक होते. ओळख पटल्यावर तो २० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येई.

१९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केले. त्याच्या मानकानेही ओळखीच्या टप्प्यासाठी ४०० किलोहर्ट्झचीच मर्यादा ठेवली. समोरचे कार्ड कोणत्या प्रकारचे आहे हे उपकरणास आरंभी ठाऊक नसल्याने ही समान मर्यादा सोयीची ठरते.

ड्रायव्हरची भूमिका :
नियंत्रक मूळ क्लॉकला भागून हवा तो वेग मिळवितो. ५० मेगाहर्ट्झला १२८ ने भागल्यास सुमारे ३९१ किलोहर्ट्झ मिळतात. ६४ ने भागल्यास ७८१, म्हणजे मर्यादेबाहेर. तथापि मर्यादेचे पालन करूनही प्रश्न सुटतोच असे नाही. लिनक्समध्ये ४०० किलोहर्ट्झ हा एकच वेग ठेवला असता काही वापरकर्त्यांची कार्डे ओळखली जात नसत. त्यामुळे २०१० च्या सुमारास ४००, ३००, २०० व १०० असे वेग क्रमाने आजमावण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

निष्कर्ष :
४८ बिटांच्या एका आज्ञेस ४०० किलोहर्ट्झवर ०.१२, तर १०० किलोहर्ट्झवर ०.४८ मिलिसेकंद लागतात. हा विलंब कोणासही जाणवत नाही. उलट ओळख न पटल्यास कार्ड निकामी समजून टाकले जाते आणि त्यातील शाबूत छायाचित्रे व कागदपत्रेही त्यासोबत जातात. म्हणूनच प्रारंभीचा मंद वेग हा तंत्रज्ञानाचा मागासलेपणा नसून जुन्या-नव्या कार्डांना सामावून घेणारी सावधगिरी होय.