अश्वशिक्षक कै. रशीद बैरामजी

शर्यतीत अश्वाचा व स्वाराचा जयजयकार होतो. अश्वास घडविणारा मात्र पडद्याआड राहतो. रशीद बैरामजी यांच्या निधनाने ही खंत आम्हांस पुन्हा जाणवली. १९ पैकी १८ शर्यती जिंकणारा ‘स्क्वांडरर’ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. १९७७ साली महालक्ष्मीच्या मैदानावर त्याने इंडियन डर्बी जिंकली.

आपल्या बीड जिल्ह्यात राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. ही लढाई आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकविली. परंतु मराठी फौजेची घोडी वळणावर आणणाऱ्या चाबुकस्वारांचा उल्लेख एकदाही केला नाही. स्वतः शिक्षक असून शिक्षकांसच विसरलो, हा दोष आमचाच होय. बैरामजींस वंदन करताना त्या अनामिकांचेही स्मरण असो.