ऑनलाइन कोडिंग शिकवताना 'समजलं का?' ऐवजी काय विचारायचं?



पायथन शिकणारा एखादा ज्युनियर किंवा मावसभाऊ अडकला की पहिला मेसेज आपल्यालाच येतो: "दादा, प्रोग्रॅम चालत नाहीये." मीही सुट्टीच्या दिवशी काही नवशिक्यांना अशी मदत करतो. शेजारी बसलं की स्क्रीन दिसते, चेहराही दिसतो. ऑनलाइन यातलं फारसं काही दिसत नाही, म्हणून आपले शब्द जपून वापरावे लागतात.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला एका मुलीला मी लिहिलं होतं, "हे तर एकदम सोपं आहे, फक्त इंडेंटेशन बघ." तिचं उत्तर आलं, "ओके सर." मला वाटलं, जमलं असणार. दोन महिन्यांनी समजलं की तिने त्याच आठवड्यात शिकणं सोडलं. इंडेंटेशन म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, एवढंही मी सांगितलं नव्हतं. आणि समोरच्याने 'सोपं आहे' म्हटल्यावर परत विचारायला तोंड कुठून आणायचं?

तयार उत्तर पाठवलं की काय होतं?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एका मुलाने दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. 5 आणि 7 दिले, तर उत्तर आलं 57. कारण पायथन 3 मध्ये 'इनपुट' फंक्शन नेहमी मजकूरच देतं आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक जोडणं. मी घाईत लिहिलं, "इंट लाव." त्याने लावला, पण बाहेरून! म्हणजे आधी 5 आणि 7 जोडून 57 झाले, मग त्या 57 ची संख्या झाली. उत्तर परत 57.

मग मी सांगितलं, "बेरजेच्या आधीच्या ओळीत 'ए'चा टाइप प्रिंट कर आणि काय दिसतं ते मला पाठव." स्क्रीनवर 'एसटीआर' आलं. दोन मिनिटांनी त्याचाच मेसेज: "दादा, म्हणजे आधी दोघांना वेगवेगळा इंट लावायचा ना?"

'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: "हो." म्हणून मी आता असं काहीतरी करायला सांगतो ज्याचा निकाल मला बघता येईल. किंवा विचारतो, "रन करायच्या आधी सांग, काय येईल असं तुला वाटतं?" चुकीचं उत्तर आलं तर उलट बरंच, नेमकं कुठे अडलंय ते कळतं.

आधी माहिती मागा

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो उपयोगाचा नसतो. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून मागवा. नेमकी चूक सहसा शेवटच्या ओळीत असते, हेही शिकवा. पायथनचं व्हर्जन विचारा. 2021 मध्ये आलेल्या 3.10 पासून, कंस बंद करायचा राहिला तर पायथन तसं स्पष्ट सांगतं. जुन्या व्हर्जनमध्ये बऱ्याचदा पुढच्याच ओळीवर बोट दाखवलं जायचं. तुमच्याकडे नवीन आणि त्याच्याकडे जुनं असेल, तर दोघं वेगवेगळे मेसेज वाचून भांडत बसाल.

आणखी एक गंमत. आयफोनवरून कोड टाइप करून पाठवलात तर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होऊ शकतात. पायथनला ती चालत नाहीत. बिचारा शिकणारा मात्र स्वतःचीच चूक शोधत राहतो.

कॉलवर असताना

स्क्रीन शेअर त्याला करू द्या. रिमोट कंट्रोल घेऊन आपण झटकन दुरुस्त करू शकतो, पण मग बोटं आपली चालतात आणि तो नुसता बघत बसतो. "वरून चौथी ओळ, कंसाच्या आत" असं बोलून सांगायला वेळ लागतो, लागू द्या. शांतता झाली की मला अजूनही उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. म्हणून तो टाइप करत असताना मी सरळ माइक म्यूट करतो.