पॉइंट टू-टू : सरावाची बंदूक आणि सवयीचा प्रश्न

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना ‘पॉइंट टू-टू’ आठवत असेल. धरायला लष्करी रायफलीसारखी, पण गोळी बारीकशी, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच, आवाजही बेताचा. आज आपण या सरावाच्या बंदुकीचा इतिहास बघू. त्यात तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. कडेवर आघात झाला की बार उडतो. त्यासाठी कडेचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, म्हणून ते फार दाब सोसत नाही. पण स्वस्त पडतं. याची नेहमीची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची, तर ब्रिटिश सैन्याच्या .303 ची अकरा ग्रॅमच्या वर. साहजिकच सरावाला लांबलचक मैदान लागत नाही, 25 यार्डांत भागतं.

बोअर युद्धात (1899–1902) दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीनं ब्रिटिशांची झोप उडवली. मग लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य नागरिकांनीही नेमबाजी शिकावी असा आग्रह धरला. सैन्यानं जुन्या रायफली .22 साठी बदलून घेतल्या. काहींच्या मूळ नळीतच बारीक नळी बसवली. दस्ता तोच, बोल्ट तसाच. हेतू उघड होता, कुणी लपवला नाही.

जर्मनीत गोष्ट वेगळी झाली. 1919 च्या व्हर्सायच्या तहानं तिथलं सैन्य एक लाखावर आणलं. 177 व्या कलमानं तर शाळा, विद्यापीठं, नेमबाजी मंडळं यांना लष्करी बाबींत पडायलाच बंदी केली. असं असताना 1934 मध्ये एक एकबारी .22 रायफल आली. नाव काय? ‘जर्मन क्रीडा नमुना’. कागदावर खेळाची, पण घडण माउझर लष्करी रायफलीच्या वळणाची. 1935 च्या मार्चमध्ये हिटलरनं सक्तीची लष्करभरती जाहीर केली. त्यानंतरच्या सुधारित नमुन्याच्या नावात ‘क्रीडा’च्या आधी ‘संरक्षण’ हा शब्द येऊन बसला. हिटलर युवक संघटनेतली मुलं अशाच छोट्या रायफलींवर तयार झाली.

तहाला सैनिक मोजता आले. मुलांच्या हाताला लागलेली सवय कशी मोजणार?

ॲरिस्टॉटल म्हणतो, वाद्य वाजवूनच वादक होतो, तसं न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. म्हणजे सराव माणूस घडवतो. आता बघा, या बंदुकीनं सरावातून काय काय काढून टाकलं? खर्च, धक्का, आवाज, आणि त्यांच्याबरोबर भीतीसुद्धा. मागे उरलं काय? पवित्रा, श्वास रोखणं, हुकूम मिळताच चाप ओढणं. समोर कागदाचं लक्ष्य, त्यामुळे ‘कुणावर?’ आणि ‘का?’ हे प्रश्न उद्भवतच नाहीत.

आम्ही या बंदुकीला दोष देत नाही. तीच बंदूक आपल्या कॅडेटला एकाग्रता आणि सुरक्षिततेची शिस्त शिकवते. पण हाताची सवय स्वतःहून चांगली-वाईट निवडत नाही. हुकूम देणाऱ्याच्या मागे जाते. म्हणून हाताला शिस्त लावणाऱ्या समाजानं हुकुमाला प्रश्न विचारण्याचाही सराव मुलांना दिला पाहिजे. ॲरिस्टॉटलचं ऐकायचं तर तोही लहानपणापासून, करता करताच येतो.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.