सुरतेच्या नावाने विकला गेलेला खानदेशी कापूस

गूगलच्या पहिल्या पानावर झळकण्यासाठी दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरचे दुवे, म्हणजे लिंका, पैसे मोजून विकत घ्याव्यात की नाही, हा वाद गेली वीस-बावीस वर्षे धुमसतो आहे. इतिहासाच्या थ्रेडमध्ये हा विषय कशाला, असे कुणी विचारील. कारण असे की याच जातीचा वाद आपल्या खानदेशच्या कापसावरून शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यासाठी कायदे झाले, तपासनीस नेमले गेले, एक कायदा गुंडाळलाही गेला. तो इतिहास ठाऊक असला की आजचा वाद बराच ओळखीचा वाटू लागतो.

आधी दुव्याची गोष्ट थोडक्यात. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘पेजरँक’ची कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात आणि बोट दाखवणाऱ्यांचे स्वतःचे वजन किती, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवायचे. मूळ कल्पना विद्यापीठीय जगातली. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला, त्यामागेही हेच तत्त्व होते: ज्या निबंधाचा हवाला पुष्कळ जण देतात तो निबंध मोलाचा. यात एक गृहीतक दडलेले आहे. हवाला देणाऱ्याने तो मनापासून दिलेला असावा. (मार्गदर्शकांचे पुस्तक आपल्या संदर्भसूचीत नेमके कसे येऊन बसते, हे एम.ए.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे.)

गृहीतक फार काळ टिकले नाही. दुव्याने क्रमांक वाढतो म्हटल्यावर दुव्याला भाव आला. २००२ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या ‘सर्चकिंग’ या कंपनीने पेजरँकच्या आकड्यानुसार दुव्यांची उघड दलाली सुरू केली. लवकरच तिचा स्वतःचा पेजरँक घसरला आणि ती गूगलविरुद्ध न्यायालयात गेली. मे २००३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. पेजरँक हे गूगलचे मत आहे आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य गूगललाही आहे, असा त्या निकालाचा आशय होता. ‘मत’ हा शब्द लक्षात ठेवा.

आता खानदेशात येऊ. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या काळ्या मातीला अचानक सोन्याचे मोल आले. याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. जळगावचे आजचे व्यापारी रूप घडले ते याच लाटेत.

परंतु कापसाच्या व्यापारात एक मोठी अडचण असते. रुई दाबून, पट्ट्या आवळून गाठ बांधली की आत काय आहे ते दिसत नाही. लिव्हरपूलचा खरेदीदार मूठभर नमुना पाहतो आणि बाकी सारे नावावर घेतो. ‘धोलेरा’, ‘भडोच’, ‘उमरा’ ही नावे म्हणजे त्याच्या लेखी गुणवत्तेचे दाखले होते. यांतले ‘उमरा’ अमरावतीवरून आलेले. खानदेशचा माल बहुतेक या ‘उमरा’च्या कुटुंबातच गणला जाई. ज्या नावाला भाव जास्त, त्या नावाखाली शक्य तितका हलका माल घालायचा, हा मोह येथूनच सुरू होतो. कापसावर पाणी मारून वजन वाढवायचे, रुईत सरकी आणि माती राहू द्यायची, लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची रुई मिसळायची. या क्लृप्त्या युद्धकाळात फोफावल्या, पण त्या आधीपासूनच्या होत्या. मुंबई सरकारने त्याविरुद्ध १८२९ मध्येच एक रेग्युलेशन काढले होते.

१८६३ साली मुंबईचा ‘कॉटन फ्रॉड्स ॲक्ट’ आला. भेसळ हा गुन्हा ठरला, दाबखान्यांना परवाना लागू लागला, सरकारी तपासनीस नेमले गेले आणि त्यांचा खर्च गाठींवरच्या शुल्कातून वसूल होऊ लागला. त्यावर जो वाद झाला तो आजच्या वादाशी ताडून पाहण्याजोगा आहे. एक पक्ष म्हणे, खरेदीदाराला डोळे आहेत. माल वाईट असेल तर त्याने भाव कमी द्यावा, सरकारने मध्ये पडू नये. शिवाय शुल्क प्रामाणिक आणि लबाड दोघांवर सारखेच बसते, आणि तपासनिसालाही हात ओले करून घेण्याचा मोह होतोच. दुसरा पक्ष म्हणे, भेसळीचा नफा एका व्यापाऱ्याचा, पण बदनामी सबंध मुलखाची. एकदा नाव बुडाले की चोख माल आणणाराही त्याच भावात भरडला जातो. पुढे १८७८ मध्ये कायद्याची नवी आवृत्ती निघाली आणि १८८०च्या दशकाच्या आरंभी हे सारे प्रकरण गुंडाळले गेले.

मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, परंतु त्या पक्षाचा कैवार कोण घेत होते हे विसरता येत नाही. कायद्यामागे मँचेस्टरचा दबाव होता. तिथल्या यंत्रांना लांब धागा हवा होता, आणि इथली ‘शुद्धता’ त्या यंत्रांच्या सोयीने मोजली जात होती. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी गावठी वाण हटवून हिंगणघाटचे बियाणे जिल्ह्यात रुजवण्याची मोहीम काढली तीही याच काळातली. शेतकऱ्याचा हिशेब निराळा होता. आखूड धाग्याच्या वाणांना रुईचा उतारा अधिक पडतो. तेवढ्याच कपाशीतून रुई जास्त निघते. भावातला फरक त्या जादा रुईपेक्षा कमी असेल, तर आखूड धागा पेरणारा शेतकरी शहाणाच ठरतो. क्रमवारी लावणारा आपल्या सोयीला गुणवत्ता म्हणतो, तेव्हा जरा थांबून पाहावे.

यापुढचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली: सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करीत अमळनेरपर्यंत. सुरत-नवसारीच्या कापसाचा धागा लांब आणि त्याच्या नावाला बाजारात मान. खानदेशचा धागा त्याहून बराच आखूड आणि भाव कमी. मग व्यापाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. खानदेशचा कापूस रेल्वेने सुरतेकडे न्यायचा, तिथल्या कारखान्यात स्थानिक कापसात मिसळायचा, तिथेच गाठ बांधायची. गाठ सुरतेची म्हणून बाहेर पडे. कापसाच्या गुणात काडीचा फरक पडलेला नसे. त्याने फक्त एक प्रतिष्ठित ठिकाण गाठून तिथले नाव अंगाला लावून घेतलेले असे. विकत घेतलेला दुवा याहून वेगळे काय करतो?

१९१७ साली नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीने या मिसळणीवर बोट ठेवले आणि त्यातून १९२३चा ‘कॉटन ट्रान्सपोर्ट ॲक्ट’ जन्मला. ठरावीक प्रदेशांत बाहेरचा कापूस परवान्याशिवाय आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. उपाय परिणामकारक होता, पण त्याचा भार कुणावर पडला ते पाहा. खानदेशच्या शेतकऱ्याने कुणाला फसवले नव्हते. त्याने आखूड धाग्याचा कापूस आखूड धाग्याचा म्हणूनच विकला होता. लबाडी पुढच्या टप्प्यावरची, तरी संशयाचा शिक्का ‘खानदेश’ या नावावर बसला आणि बंदीमुळे त्याचे एक गिऱ्हाईक कमी झाले.

गूगलच्या इतिहासातही हे घडले आहे. २००५ साली ‘नोफॉलो’ नावाची खूण आली. ती लावलेल्या दुव्याचे वजन धरले जाणार नाही असे ठरले. २००७ मध्ये गूगलने विकत घेतलेल्या दुव्यांची खबर देण्याचे लोकांना आवाहन केले. २०११ मध्ये जे. सी. पेनी या बड्या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले: असंबद्ध संकेतस्थळांवर तिच्याकडे नेणारे दुवे पेरलेले होते. २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि असंख्य संकेतस्थळे एका रात्रीत खाली घसरली. बड्या कंपन्या यथावकाश वर येतात. पण ज्या छोट्या दुकानदाराने कुणा एजन्सीला दरमहा पैसे देऊन ‘बॅकलिंक’ म्हणजे काय हे न कळताच घेतलेल्या असतात, त्याला आपण कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो आहोत हेही उमगत नाही. दलाल तोवर दुसरे गिऱ्हाईक शोधतो. (विकत घेतलेल्या शिफारशीचा रोग फक्त संगणकावरचा, असा समज मात्र नको. २००९च्या निवडणुकांत महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांमधून जाहिरात बातमीचा वेष घेऊन कशी छापली गेली, तो ‘पेड न्यूज’चा विषय प्रेस कौन्सिलपर्यंत गेला होता.)

तर मग खानदेशात काय टिकले? माझ्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही दिसायला अगदी रुक्ष. पहिली १९२५चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा. त्याने प्रत्येक गाठीवर दाबखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. भेसळ झालीच, तर कोणत्या दाराने झाली ते शोधता येऊ लागले. नावाची हमी देण्याऐवजी माग ठेवण्याची सोय झाली. दुसरी गोष्ट म्हणजे १९२७चा मुंबईचा कापूस बाजार कायदा. त्याखाली जे बाजार आरंभी नियंत्रित झाले त्यांत धुळ्याचा बाजार होता. त्याआधी सौदे रुमालाखाली होत: दलाल आणि खरेदीदार कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. वर हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपाती. दलाल शेतकऱ्याचा म्हणवी आणि हित खरेदीदाराचे पाही. नव्या व्यवस्थेत भाव उघड बोलला जावा, वजन समितीच्या नजरेखाली व्हावे आणि त्या समितीत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असावेत, असा दंडक आला. बाजार समित्यांचे पुढे जे राजकारण झाले ते आपण जाणतोच. त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहावा लागेल. पण रुमाल हटला, ही लहान गोष्ट नव्हती.

म्हणूनच २०१९ साली गूगलने पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण काढली, ती मला दंडापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. दुवा विकणे हे पाप नाही. जाहिरात माणूस पूर्वीपासून विकत आला आहे. विकलेला दुवा फुकट दिलेला म्हणून मिरवणे, हा खरा रुमाल.

इथे तुलना थांबते, कारण एक फरक मूलभूत आहे. गाठ फोडता येते. धागा मोजता येतो. ‘सुरत’ या नावामागे तपासण्याजोगी एक वस्तू असते. क्रमवारीमागे मात्र, ओक्लाहोमाच्या न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे, एका कंपनीचे मत असते. आणि तीच कंपनी त्या यादीच्या माथ्यावरची जागा जाहिरातीसाठी विकते. तपासनीस, दलाल आणि बाजाराचा मालक एकच. आपल्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा प्रश्न हाच होता. धुळ्याच्या बाजार समितीत शेतकऱ्याला निदान खुर्ची होती.

खानदेशाला आता स्वतःच्या नावाची कायदेशीर राखण मिळाली आहे. २०१६ साली जळगावची केळी आणि जळगावचे भरीताचे वांगे यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंदवही सरकारी आहे, कुणालाही पाहता येते, नोंदीला हरकतही घेता येते. योगायोग असा की त्याच २०१६ साली गूगलने पेजरँकचा आकडा लोकांना दाखवणे कायमचे बंद केले.