सिमला, रविवार आणि आपला गुरुवार

डिसेंबर लागला की आपल्या चाकण-चिंचवड-हिंजवडी पट्ट्यात एकच प्रश्न फिरायला लागतो. "मग, यंदा कुठे?" प्लँटवाल्यांचं वर्षअखेरीचं शटडाऊन, आयटीवाल्यांच्या क्लायंटची ख्रिसमसची सुट्टी, आणि वापरल्या नाहीत तर लॅप्स होणाऱ्या लीव्हज. उत्तरंही ठरलेली. गोवा, नाहीतर बर्फ. बर्फ म्हणजे सिमला-मनाली. (आता शिमला म्हणायचं असतं, पण आमच्या घरात सगळे सिमलाच म्हणतात, तेव्हा तसंच चालू द्या.) विमानाने चंदीगड, पुढे टॅक्सी, चार रात्री पाच दिवस, भाड्याने घेतलेला ढगळा कोट आणि गमबूट घालून कुफ्रीला फोटो. झालं.

मला यातली गंमत अशी वाटते की ज्यांनी सिमला वसवलं, ते बर्फ पडायच्या आत तिथून पळ काढायचे!

१८१४ ते १६ च्या गुरखा युद्धानंतर हा भाग इंग्रजांच्या हातात आला. १८२२ मध्ये कॅप्टन केनेडीने तिथे पहिलं पक्कं घर बांधलं. १८२७ चा उन्हाळा गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टने तिथे काढला आणि गाव एकदम फॅशनमध्ये आलं. पुढे १८६४ पासून व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सच्या काळात ती अधिकृत उन्हाळी राजधानीच झाली. म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आख्ख्या हिंदुस्थानचा कारभार या डोंगरावरून चालायचा. फायली, कारकून, त्यांची बिऱ्हाडं, सगळं कलकत्त्याहून हजारो मैलांची ये-जा करायचं. थंडी पडायला लागली की पेट्या भरायच्या, बंगल्यांना कुलपं लावायची आणि खाली उतरायचं. मागे राहायचे ते दुकानदार, चौकीदार आणि डोंगरातले लोक.

ही सवय किती पक्की होती बघा. मॅकमहोन रेषेबद्दल आपण शाळेत वाचलंय. ब्रिटिश हिंदुस्थान, चीन आणि तिबेट यांची ती परिषद ऑक्टोबर १९१३ मध्ये सिमल्यात सुरू झाली. हिवाळ्यात ती दिल्लीला हलली. रेषेबद्दलचा तिबेटशी झालेला पत्रव्यवहार मार्च १९१४ चा आहे, तोही दिल्लीतला. उन्हाळ्यात सगळे परत वर गेले आणि जुलैमध्ये सह्या झाल्या. आजही ज्या सीमेवरून वाद चालू आहे, तिची परिषदसुद्धा हवामान बघून शिफ्ट होत होती.

आपल्याकडे याचीच छोटी आवृत्ती होती. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाळा पुण्यात काढायचा. पुण्यातलं त्याचं पावसाळी घर म्हणजे गणेशखिंडीतला बंगला, आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. औंधकडून येताना विद्यापीठ चौकात आपण जे अडकून पडतो ना, ते एका साहेबाच्या मान्सून ब्रेकच्या दारात! महाबळेश्वरला जॉन माल्कमने १८२८ च्या सुमारास वसाहत उभी केली. तिथे १८३४ पासून तीसेक वर्षं एक तुरुंग होता आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. रस्ते आणि भाजीचे मळे यांत त्यांचे कष्ट आहेत. वेण्णा तलावाकाठी पहाटे हिमकण दिसले की पेपरात फोटो येतो. आपला घरगुती बर्फ तेवढाच.

आता थंड हवा खाणाऱ्यांना वर कोण नेत होतं? सिमल्याच्या मॉल रोडवर बग्गीची परवानगी फक्त तिघांना होती. व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर. बाकी सगळे माणसांनी ओढायच्या रिक्षातून नाहीतर खांद्यावरच्या झंपानातून जायचे. आजूबाजूच्या डोंगरी गावांतून बेगार घेतली जायची. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने १९२० च्या सुमारास कोटगढमध्ये या बेगारीविरुद्ध लढा दिला आणि १९२१ मध्ये तो तुरुंगातही गेला. हाच माणूस ज्याने तिथे रेड डिलिशस सफरचंदं लावली. पिंपरीच्या मंडईत आपण घासाघीस करून घेतो त्या हिमाचली सफरचंदांचा उगम बराचसा तिथे आहे.

आणि इथे मला आपल्या खेड तालुक्यातला एक माणूस आठवतो. नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे चाकणच्याच तालुक्यातलं. जोतिबा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. मागण्यांत एक अगदी साधी मागणी होती: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सरकार वर्षातले सहा-सात महिने थंड हवेला जात होतं तो हाच काळ. सिमल्याचा तो भव्य व्हाइसरीगल लॉज १८८८ मध्ये पुरा झाला, आत विजेच्या दिव्यांसकट. खाली मुंबईत गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. एप्रिल १८९० मध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार जमले, त्यात बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

व्हाइसरीगल लॉजची टूर घेताना गाइड लोक झुंबरं आणि सागवानी जिने दाखवतात. बघण्यासारखं आहे, नाही असं नाही. पण सुट्टीचा इतिहास म्हणाल, तर मला कन्हेरसर जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तिथे कुठलंही पॅकेज जात नाही.

आपल्या पट्ट्यात लोखंड्यांचा रविवार पुढे गुरुवार झाला, ही आणखी एक मजा. सगळ्यांनी एकाच दिवशी मशिनं चालवली तर वीज पुरायची नाही, म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी वाटली गेली. भोसरी-पिंपरी-चाकणच्या वाट्याला गुरुवार आला. बाहेरून आलेल्या लोकांना हे समजवता समजवता नाकी नऊ येतात. शॉप फ्लोअरवरचा नवरा गुरुवारी घरी, हिंजवडीतली बायको शनि-रवि घरी, असे संसार इथे कितीतरी आहेत. त्यांना एकत्र सुट्टी मिळते ती फक्त शटडाऊनमध्ये! १९४८ च्या कारखाने कायद्याने आणखी एक गोष्ट दिली. वर्षात २४० दिवस भरले की कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. सिमल्याची ट्रिप खरं तर या कलमावर उभी राहिली. ज्यांचे २४० दिवस भरूच दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी 'यंदा कुठे' हा प्रश्नच नव्हता.

बरं, आता ट्रेन. सिमल्याला जाणार असाल तर टॅक्सी सोडा आणि कालक्याहून एकदा तरी खेळण्यातल्या गाडीने जा. ९६ किलोमीटर, शंभराहून जास्त बोगदे, आठशेच्या वर पूल. १९०३ मध्ये ती सुरू झाली. आपली माथेरानची राणी चार वर्षांनी, १९०७ मध्ये. दोन्हीकडचे रूळ अरुंद, पण सिमल्याचे अडीच फुटी आणि माथेरानचे दोन फुटी. बडोगचा बोगदा एक किलोमीटरपेक्षा लांब आहे. त्याची गोष्ट इंजिनियर लोकांना हमखास सांगतात. दोन बाजूंनी खणत आलेल्या टीम्स मध्ये भेटल्याच नाहीत, म्हणून साहेबाला एक रुपया दंड झाला आणि त्याने आत्महत्या केली. पुराव्यापेक्षा दंतकथा जास्त. पण भलकू नावाच्या स्थानिक माणसाने वाट दाखवली असं सगळे सांगतात, आणि सिमल्याच्या रेल्वे म्युझियमला आज त्याचंच नाव आहे. दस्तऐवज साहेबाचे, वाट भलकूची.

हिवाळ्यातलं सिमला मात्र बरंच नंतरचं प्रकरण. १९२० मध्ये तिथे स्केटिंग रिंक सुरू झाली. रात्री मैदानावर पाणी मारायचं, ते गोठायचं आणि ऊन चढायच्या आत सकाळी स्केटिंग उरकायचं. मशीनशिवाय बर्फ! मराठी मध्यमवर्गाने डोंगर गाठले ते त्याच्या कितीतरी नंतर. आधी सगळे काश्मीरला जायचे. १९८९-९० नंतर तिथली परिस्थिती बिघडली आणि गर्दी हिमाचलकडे वळली. 'कुलू-मनाली' हा हनिमूनचा समानार्थी शब्द झाला तो त्या दशकात.

आता तो बर्फच भरवशाचा राहिला नाही. आपल्याला वाटतं फोटो हुकला. सफरचंदाच्या झाडाला मात्र हिवाळ्यात हजाराच्या वर तास कडक थंडी लागते, नाहीतर फुलोराच बिघडतो. आणि बर्फ कमी म्हणजे उन्हाळ्यात झरे आटणार. २०१८ च्या मे-जूनमध्ये सिमल्यात पाण्याची इतकी टंचाई झाली की पर्यटकांनी येऊ नका असं तिथले रहिवासी सांगायला लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये समर हिलला डोंगर कोसळला, माणसं गेली आणि त्या जुन्या रेल्वेचे रूळ अक्षरशः हवेत लोंबकळत राहिले. ते फोटो आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले होते.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी पण जाऊन आलोय. मॉल रोडवर अजूनही सामान्य गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे बसस्टँडवर उतरलात की पाठीवर दोर बांधलेले काश्मिरी हमाल पुढे येतात. तिथे त्यांना सरसकट 'खान' म्हणतात. आपल्या दोन मोठ्या बॅगा, कधी कोणाचा फ्रिज, कधी तीन-चार गॅस सिलिंडर एकावर एक बांधून हे लोक तो चढ चढतात. भाव आधीच ठरवून घ्या आणि मग त्यात घासाघीस करू नका.