मागावरून उठलेली माणसं

हिमरूवर लिहायचं तर मुहंमद तुघलकापासून सुरुवात करायची, असा आमच्या शहरात रिवाज आहे. १३२७च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आली, तिच्यासोबत विणकर आले आणि त्यांनी हिमरू आणला, असं सांगतात. पर्यटकांना पुढे हेही ऐकवतात की मार्को पोलोला दख्खनमध्ये हिमरूची शाल भेट मिळाली होती. पोलो १३२४ मध्येच व्हेनिसला वारला. पण एका दमात सांगितलेल्या दोन गोष्टींची बेरीज कोण करतो?

हिमरू आला कुठून, हा वाद मी बाजूला ठेवतो. तो गेला कसा, हा माझा प्रश्न आहे.

आधी कापड समजून घेऊ. ताणा सुती, बाणा रेशमी. किनखाबाची श्रीमंती जरीवाचून साधायची, म्हणून हा खटाटोप. नक्षीचा जादा धागा मागच्या बाजूला मोकळा राहतो, त्यामुळे कापड आतून मऊ आणि उबदार लागतं. जुन्या मागावर दोन माणसं लागत. एक खड्ड्यात पाय सोडून विणणारा, दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा. म्हणजे एका कापडावर दोन पोटं.

‘राजाश्रय गेला आणि कला गेली’ हे वाक्य मीही पूर्वी दोनदा लिहिलं आहे. ते अगदीच खोटं नाही. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, तरी शेरवानीसाठी मागणी राहिली. सप्टेंबर १९४८ नंतर ती शेरवानीही ओसरली. पण मजुरी का वाढली नाही, एवढंच यातून कळतं. मागावरून माणूस केव्हा उठला आणि उठून कुठे गेला, हे त्यात नाही. जायला दुसरं दार असावं लागतं. इथे १८८९ मध्ये कापडाची गिरणी उभी राहिली, तिच्यात सुमारे ७०० माणसं कामाला होती. १९०० मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ जिनिंगचे कारखाने. मग चिकलठाण्याची एमआयडीसी आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटो. दार हळूहळू रुंद होत गेलं.

जाफर गेटच्या बाजूला राहणारे एक चाचा त्याच दारातून गेलेले. वडिलांच्या मागावर बारा वर्षं बसले, नंतर वाळूजला एका कारखान्यात लागले. मी वही उघडून विचारलं, का सोडलंत? माझ्या आवाजात थोडा आरोप असावा. त्यांनी हिशोबच मांडला. मजुरी विणलेल्या कापडावर; ताणा चढवायचे दिवस फुकट. पावसाळ्यात खड्ड्यात ओल आली की काम बंद. व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली. कारखान्यात पगाराची तारीख ठरलेली, फंड कापलेला, आणि बायकोच्या बाळंतपणाला ईएसआयचं कार्ड. पगार तर जास्त होताच. पण कार्डाबद्दल ते जास्त वेळ बोलले.

“काम अच्छा नहीं लगता था?” मी विचारलं.

“वहीच तो अच्छा लगता था,” ते म्हणाले. पहिली तीन वर्षं यंत्रासमोर उभं असताना पाय आपोआप हलायचे, पावडी दाबल्यासारखे. मग थांबले. “और तुम काय कू छोडे?”

मी सोडल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. १९९३ मध्ये मी एका ग्रंथालयात जुन्या कागदांची यादी करायला होतो. मोडी तिथेच शिकलो, कुणी शिकवलं नाही. महिना सहाशे रुपये, तेही हंगामी. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं आणि मी वाळूजला स्टोअरमध्ये चिकटलो. सव्वीस वर्षं नट-बोल्टांच्या नोंदी केल्या. संशोधन रविवारी. म्हणून तर माझ्या लेखांत विणकर नेहमी राजाश्रयाअभावीच गेले. त्यांनी स्वतः निर्णय घेतला असं लिहिलं असतं, तर मलाही माझ्या निर्णयाबद्दल काही लिहावं लागलं असतं.

चाचांना मी एवढंच सांगितलं, “बहिणीचं लग्न होतं.” त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावरची शाल त्यांनी मागून घेतली, उलटी केली, अंगठा फिरवला. “पॉवरलूम,” म्हणाले, आणि नीट घडी करून परत दिली.